दीडपट सोडा

"बाबा, दातांच्या डॉक्टरांच्या माशांच्या टाकीतली पोवळी तुम्हीच मारलीत म्हणे. खरं का हो?"

हे बाबांना तोंडावर विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि टकळी पैजेला मागे हटणाऱ्यांतली नव्हती. त्यांच्यातली एक दात दाखवायला गेली, तिनेच दवाखान्यातून ही बातमी आणलेली.

लोकांच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणारे बाबा ओट्याशी बादल्या मांडून बसले होते. एकीत पोवळ्यांना लागणारं कॅल्शियमचं पाणी, दुसरीत सोड्याचं. दोन्ही नितळ, पण एकत्र ओतली की चुन्यासारखी पांढरीफटक. "सासू-सून आहेत त्या. टाकीत नांदतील, बादलीत नाही," असं ते नेहमी म्हणत. आज नुसती काठी फिरवत होते.

"हो. सोडा जास्त झाला."

"तुमच्या हातून? तुम्ही तर चिमूटभर मीठही तोलून घालाल!"

आईने घडी घालायचा टॉवेल आपटला. "अकरा वर्षांचं नाव घालवलंत, आता लेकीचे टोमणेही ऐका."

"तू गप्प बस गं."

"का बसू?" आई टकळीकडे वळली. "त्या रविवारी यांची पाठ धरली होती. दवाखान्याच्या टाकीचा सोड्याचा डबा कोणी भरला? कानाला फोन लावून?"

टकळीचा चेहरा उतरला. सोड्याची आठ मापं घालायची होती. चार झाली, फोनवर मैत्रिणी काहीतरी बोलल्या, ती पोट धरधरून हसली आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली. पुढे टाकीवरचा पंप डब्यातलं ते पाणी थेंबथेंब सोडत राहिला, आणि आठवडा संपायच्या आत पोवळ्यांचे सांगाडे उरले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"डब्यातलं उरलेलं तपासलं. दीडपट निघालं."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? पोरीच्या हाती माप दिलं म्हणून? चूक माझीच राहिली असती, वर तुझंही नाव खराब झालं असतं." बाबा बादली ढवळत राहिले. "डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, तुमच्या हातात आता राम राहिला नाही. ज्यांच्या टाक्या बघतो त्यातल्या दोन घरांनीही कालच नको म्हणून कळवलं. उद्या दवाखान्याची किल्ली परत द्यायचीय."

 टकळीने ओट्यावरची किल्ली उचलली.

"किल्ली मी नेऊन देते," ती म्हणाली.

"शाळा आहे तुझी," आई म्हणाली.

"बुडवीन. डॉक्टर सगळ्यांसमोर बोलले ना? मीही सगळ्यांसमोरच सांगणार, मोजायला मी चुकले. तुम्ही दोघं ओरडा, नाहीतर मारा. मी जाणार."