पाठीवरचा चार नंबर

"साखर घातलीच नाहीस ना आज?" नितेश कपात बघून पुटपुटला.

मी ओट्याशीच होते. साखर मी घातली होती, वर त्याने स्वतः उठून आणखी एक चमचा घातला होता. श्रुतिकाने, त्याच्या बहिणीने, हे बघितलं होतं. तिने मोबाइलमधून मान वर न काढता म्हटलं, "आई, दे गं त्याला साखर." मी दिली. पाच दिवस आमच्याकडे असंच चाललं होतं. चहाचा पाक होत होता आणि कोणी काही बोलत नव्हतं.

नितेश वीस वर्षांचा. एका फुटबॉल क्लबने त्याच्याशी एका मोसमाचा करार केला तेव्हा आम्ही अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. तो बचावात खेळतो, मधोमध, गोलकीपरच्या पुढे. पण खेळतो म्हणजे अकरा सामने त्याने बाकावर बसून काढले, इतक्या इमानदारीने, की त्याच्या बाबांना वाटायचं पगार बसण्याचाच आहे. मागच्या शनिवारी अंधेरीच्या सामन्याला एका सीनियर खेळाडूवर बंदी होती, म्हणून नितेश पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरला. शेवटच्या पाच मिनिटांत गोलमध्ये जाणारा बॉल त्याने रेषेवरून डोक्याने बाहेर काढला आणि त्याच वेगात जाऊन गोलच्या खांबावर आदळला.

क्लबच्या डॉक्टरांनी त्याला लगेच बाहेर घेतलं. स्कॅन साफ आलं. सगळं आठवतंय का, विचारलं, तर हा म्हणाला, सगळं.

मग फॉर्म सुरू झाला. फिजिओ प्रीतम सर रोज संध्याकाळी तो फोनवर पाठवायचे. डोकेदुखी, उजेडाचा त्रास, झोप, विसरणं. प्रत्येकापुढे शून्य ते सहा, आणि खाली भरणाऱ्या घरच्या माणसाचं नाव. सगळी शून्यं आली तर तो पुन्हा सरावाला, मोसमातले उरलेले तीन सामने त्याचे, आणि त्यावरच नवा करार. नाहीतर जागा चैतन्यची. चैतन्य गुणी पोरगा आहे, आमच्याकडे दोनदा जेवून गेलाय. त्याला साधासा ताप यावा असं माझ्या मनात आलं होतं, हेही सांगून टाकते.

फॉर्म भरायचे नितेशचे बाबा, चंद्रप्रकाश. आमच्या घरची रीतच आहे, कागदावर दुखणं लिहायचं नाही. माझे सासरे गिरणीत होते. डॉक्टर तपासायला यायचा त्या दिवशी ते तोंडात लवंग धरून खोकला दाबायचे आणि कार्डावर 'प्रकृती उत्तम' लिहून आणायचे. ती कार्डं अजून कपाटात आहेत, एकाहून एक उत्तम. सासरे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले.

चहाचे कप धुऊन होतात तोच सोसायटीचे सेक्रेटरी, नंदकिशोर भाऊजी, हार घेऊन आले. "सांग ना राव, कसा काढलास तो बॉल? एकदम झकास."

नितेश खुलून सांगायला लागला. "कॉर्नर उजवीकडून आला. गोलकीपर पुढे गेला, चुकला. सगळे थांबले. मग डावीकडून धावत येताना माझी पाठ दिसते, चार नंबर दिसतो, आणि मी आडवा होतो..."

"वा," भाऊजी म्हणाले.

मी हार हातात धरून बसले. ती क्लिप मीही चाळीस वेळा बघितली होती. कॅमेरा मागच्या बाजूला होता. स्वतःची पाठ कोणाला दिसते? श्रुतिकाने माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईने भाऊजींना सरबत आणायला उठली.

भाऊजी गेले. फोन वाजला, फॉर्म आला.

"ट्यूब बंद करा ना कोणीतरी," नितेश म्हणाला. "डोळ्यांत घुसतेय."

चंद्रप्रकाश उठले, ट्यूब बंद केली, पुन्हा येऊन बसले आणि मोबाइलच्या उजेडात वाचू लागले. "उजेडाचा त्रास. शून्य."

"अहो," मी म्हटलं.

"काय नाय ता. दमलाय तो. झोप, शून्य. विसरणं..."

"थांबा जरा. नितेश, शनिवारी वॉर्मअप संपल्यावर तू कठड्याशी आलास. मला काय म्हणालास?"

"कशाला परीक्षा घेतेस त्याची?" चंद्रप्रकाश म्हणाले. पण बोट त्यांनी उचललं नव्हतं, नुसतं काचेवर धरून ठेवलं होतं.

नितेश हसला. "पाणी मागितलं असेन."

त्याने पाणी मागितलं नव्हतं. मी दोन्ही हात जोडून उभी होते म्हणून तो येऊन म्हणाला होता, खाली बस ना आई, देवळात आलीयस का. आजूबाजूचे सगळे हसले होते.

तो श्रुतिकाकडे बघायला लागला. तिने तोंड उघडलं, साखर द्यावी तसं उत्तरही देऊन टाकणार होती. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होईना.

"लिहू का?" चंद्रप्रकाश अगदी हळू म्हणाले. त्यांनी ते कोणाला विचारलं, कळलं नाही.

"शून्य नका लिहू, बाबा," नितेश म्हणाला. "मला ती मॅच आठवतच नाही. मी खेळलो, ते मी क्लिपमध्येच बघितलं."