एका गुंठ्याची ज्वारी

गिरधर पाटलाने तराजू उचलला आणि काटा थांबेपर्यंत श्वास रोखून धरला. पारड्यात भिकुबाईच्या शेतातली, एका गुंठ्याची ज्वारी होती.

"सात शेर," सर्कल इन्स्पेक्टर म्हणाले. "म्हणजे सोळापैकी अकरा आणे पीक. आमचा अंदाज दहाचाच होता. पाटील, सही करा."

खळ्यावर जमलेल्या गावातून दोधू म्हणाला, "परत हुरडा खावाडा का पाटील?"

ते खरे होते. कार्तिकात सर्कल आले तेव्हा गावाचे नाव राहावे म्हणून पाटलाने त्यांना विहिरीकाठच्या शेतात बसवून हुरडा खाऊ घातला. ते एक शेत पाहून साऱ्या गावाचे पीक दहा आणे लिहिले गेले आणि लढाईच्या त्या वर्षी सरकारात घालायचे धान्य त्यावर ठरले. तेवढे घातले तर होळीनंतर कणग्या रिकाम्या. पाटलाने शहाद्याला चार खेपा घातल्या, तेव्हा एवढे मिळाले: चिठ्ठी टाकून एक शेत निवडायचे, एक गुंठा कापायचा, मळून तोलायचे. चिठ्ठी भिकुबाईच्या खडकाळ तुकड्याची निघाली, तेव्हा लोकांचे चेहरे उजळले होते.

पाटलाने पारड्यात हात घातला. तळहातावर पांढरे नवे दाणे होते, आणि त्यांत पिवळे, किडीने पोखरलेले.

"काकू," तो खालच्या आवाजात म्हणाला, "हाई कथाईन उनी?"

भिकुबाईने पदर पुढे ओढला. "घरनी जुनी, मीच टाकी. तुम्हीन साहेबले जेवाले लई गयात, तव्हय मी तोली दखं. अडीच शेर भरनी. इतलीशी देखीसन साहेब म्हनतीन, डोकरीनी दाना लपाडा. दाना लपाडा म्हनीसन शेजारना सुकलालले लई गयात ना धरीसन."

"काय म्हणते ती?" सर्कलांनी विचारले.

पाटलाने पारडे खळ्यावर अंथरलेल्या धोतरावर ओतले, ज्वारी पसरली आणि तो उकिडवा बसून जुने दाणे वेचू लागला. समोर भिकुबाई बसली. तिला नीट दिसत नव्हते. ती दाणा डोळ्यांजवळ नेऊन पाहत होती.

"पाटील, मला पाचच्या आत शहाद्याला पोचायचे आहे."

"हो साहेब, एवढे वेचून परत तोलू," पाटील म्हणाला. त्याने वर पाहिले नाही.

दोधूही खाली बसला. मग आणखी दोघे. पाटलाच्या गुडघ्यापाशी आतापर्यंत मूठभर दाणे जमले होते.