सैल हातांचा खांब

मित्रांनो, मी एक जुना योद्धा आहे. उभा जन्म ठोसे खाल्ले, पण पडलो म्हणून कधी नाही. भिंतीला बोल्टने आवळल्यावर कोण पडणार म्हणा.

मी कुंग फूच्या सरावाचा लाकडी खांब. मला तीन हात आणि एक पाय. ज्या सुताराने मला घडवले, त्याने हातांच्या खोबणी मुद्दाम सैल ठेवल्या. ठोसा बसला की हात जरासा सरकतो, 'टक' वाजतो आणि मारणाऱ्याला कळते, जोर नीट लागला की वाया गेला. माझी सगळी विद्या त्या सैलपणात. बाकी मी ठोंब्याच.

मला विकत घेतले वाघसरांनी. हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला दिले होते. त्यांना हौस आरशासमोर उड्या मारण्याची. माझा उपयोग कोट अडकवायला. एकदा पाहुण्यांसमोर माझा हात खडखडला. "खिळखिळा झालाय लेकाचा," असे म्हणून त्यांनी माझे तिन्ही हात खिळ्यांनी पक्के ठोकले. मी मुका झालो. अंगाला चीर गेली ती वेगळीच.

वाघसरांच्या कुंग फूच्या वर्गात एक ताई शिकायला आली, बसवर कंडक्टर होती. माझ्या दगडासारख्या घट्ट हातांवर ठोसे मारून तिचे मनगट सुजले. तिकीट फाडता येईना.

"सर, हात दुखतोय."

"दुखणारच. विद्या आत जातेय."

"विद्या आत आणि नोकरी बाहेर, असं नको व्हायला."

वाघसरांनी तिला दार दाखवले. चीर वाढली म्हणून मलाही त्यांनी आधीच भिंतीवरून काढून दाराबाहेर भंगारात टाकले होते. तिने मला हातगाडीवर घालून घरी नेले.

"भांडून आलीस ती आलीस, वर हे लाकूड कशाला?" आई म्हणाली.

"त्याचेही हात दुखताहेत गं."

मग गुरू शोधणे सुरू झाले. जो भेटेल त्याला ताई माझ्यासमोर आणून उभा करी. एकाने विचारले, कुठल्या रंगाचा पट्टा हवा? दुसऱ्याने न बघताच माझ्यावर कोट अडकवला. शेवटी जाड चष्म्याच्या एक काकू आल्या. त्यांनी माझा हात हलवून पाहिला. हलेना.

"कोणी केलं हे? पक्कड आण."

खिळे निघाले. काकूंनी बोटाने टिचकी मारली. टक. कितीतरी काळाने मी बोललो.

"मला शिकवाल?" ताईने विचारले.

"सूज उतरू दे. तोवर नुसती उभी राहायला शीक."

"धावत्या बसमध्ये रोज उभीच असते मी."

"मग निम्मी शिकलीस."

आता ताईचे मनगट ठणठणीत आहे आणि मी रोज वाजतो. मला पुन्हा घट्ट करायला कोणी हातोडी घेऊन येऊन तर पाहावे. मी काही करणार नाही, ताई बघून घेईल.

मित्रांनो, गुरूची उडी पाहू नका. दुखतेय म्हटल्यावर तो हातोडी शोधतो की पक्कड, ते पाहा. मी सैल आहे, आणि सैलच राहणार. कोणापुढे मान झुकवणार नाही. मान नाही, हा भाग वेगळा.

फक्त ताईच्या आईला कोणीतरी सांगा, माझ्या हातांवर ओले टॉवेल वाळत घालू नयेत.