चिकाची किटली

अमेरिकेतल्या श्रूजबरीत नीलांबरीकाकूंच्या खरवसाला तोड नव्हती. गणपतीत लोक आधी बाप्पाला हात जोडत आणि लगेच खरवस उरलाय का ते बघत. चीक यायचा गावाबाहेरच्या वॉल्टरच्या गोठ्यातून. भला माणूस, पैसे घेत नसे. काकू किटली परत करताना तळाशी मूठभर साखर घालत. रीतच ती!

२००७च्या उन्हाळ्यात शेजारच्या अनुष्काने सांगितलं, दुकानातल्या दुधासाठी गाईंना हार्मोनची इंजेक्शनं देतात. झालं! काकूंच्या अंगात वारंच शिरलं. "आमच्या वॉल्टरकडे नाहीत हो असली थेरं!" म्हणत त्यांनी मंडळातल्या समस्त बायकांना दुकानात फोन करायला लावले. थोड्याच दिवसांत दुधावर 'हार्मोन नाही' असं लेबल लागलं, भावही वाढला. काकूंना आभाळ ठेंगणं झालं.

गणपतीच्या आदल्या दिवशी चीक आणायला गेल्यावर त्यांनी वॉल्टरला ही बातमी हौसेने सांगितली. तो टोपी काढून डोकं खाजवत राहिला.

"ते फोन तुमचे होते होय?"

दुकानातलं दूध डेअरीमार्फत त्याच्याच गोठ्यातून जायचं. इंजेक्शन तोही द्यायचा. डेअरीने ते बंद करायला लावलं, दूध घटलं, चारा आणि डिझेल मात्र महागच.

"पण भाव वाढलाय ना?"

"दुकानात वाढलाय. माझ्यापर्यंत आलाच नाही. गुरुवारी गाई विकतोय."

काकूंचं डोकंच चालेना. "म्हणजे मी इतकी वर्षं लोकांना तसलंच..."

"छे! नुकत्याच व्यालेल्या गाईला ते देतच नाहीत. तुमचा चीक चांगलाच होता."

काकूंना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. मग चुकलं कोणाचं? इंजेक्शनच बरं होतं म्हणावं, तर तेही जिभेवर येईना. गाडी चालवताना त्या दोनदा वळण चुकल्या.

खरवस नेहमीसारखाच झाला. "काकू, हार्मोन-फ्री ना?" अनुष्काने वाटी पुढे करत विचारलं. काकूंनी नुसती मान हलवली. हो की नाही, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

पुढच्या शनिवारी त्या किटली द्यायला गेल्या. गोठा झाडून लख्ख केलेला. एकही गाय नव्हती. वॉल्टरने झाकण उघडून साखर पाहिली.

"ही कशासाठी घालता, कधी विचारलंच नाही मी."

"गाईचं दूध आटू नये म्हणून," काकू म्हणाल्या, आणि त्यांना रडूच फुटलं.