फोनवर चुरगाळलेला हरभरा

चार परीक्षानळ्या गडद निळ्या झाल्या आणि ताईने त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा वाचल्या.

हरभऱ्याच्या दोन वाणांवर तिची तीन वर्षं गेली होती. एकाला करप्याची बुरशी काही करू शकत नाही, त्याचं नाव तिने ठेवलं होतं पैलवान. दुसरा बुरशी दिसताच मान टाकतो, तो लाडोबा. पैलवानाच्या पानांत फेनॉल नावाची द्रव्यं भरपूर, ती बुरशीला सोसत नाहीत, असं तिला सिद्ध करायचं होतं. पानांच्या अर्कात रसायन घालायचं. जितकं फेनॉल जास्त, तितका निळा रंग गडद. आणि आज बघावं तर लाडोबाच्या वीसपैकी चार कुंड्या पैलवानाच्या तोडीस तोड! सोमवारी मार्गदर्शक सरांना आकडे दाखवायचे होते. ते म्हणणार, पहिल्यापासून कर. म्हणजे आणखी एक वर्ष.

ती तरातरा काचघरात गेली. तिथले माळीमामा पाणी घालत होते. मामांना शेंडे खुडायची खोड, हे जगजाहीर.

"मामा, माझ्या झाडांना हात लावलात ना? पान दुखावलं की झाड फेनॉल बनवायला लागतं, शंभरदा सांगितलंय!"

"शंभरदा ऐकलंय," मामा शांतपणे म्हणाले. "म्हणून मी तिकडे फुंकरसुद्धा घालत नाही. त्या चार कुंड्या आहेत कुठे, ते बघा आधी."

चारही कुंड्या कोपऱ्यातल्या स्टुलाभोवती होत्या.

"इथे बसून रोज चार वाजता फोन स्पीकरवर टाकून आईशी कोण बोलतं? आई विचारते, कधी संपणार गं तुझं? तुम्ही म्हणता, होईल गं, आणि एक पान चुरगाळता. परवा नऊ चुरगाळलीत."

ताईने बोटाला जीभ लावली. आंबट. नखात हिरवं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं प्रयोगच आहे. शिकलेली माणसं तुम्ही!"

लपवण्यात अर्थ नव्हता. सोमवारी तिने सरांना सगळं सांगून टाकलं. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले; हसू आवरत नव्हतं. "आईंचं नाव घालू या प्रबंधावर," ते म्हणाले. "बरं, त्या चार टाकू नकोस. सगळ्याच कुंड्यांवर बुरशी फवार."

बाराव्या दिवशी लाडोबाच्या सोळा कुंड्या करपून गेल्या होत्या. स्टुलाजवळच्या चारपैकी तीन हिरव्यागार. ताई तिथल्या तिथे नाचली.

"चार कुंड्यांवर कोण विश्वास ठेवणार?" सर म्हणाले. "चाळीस कर. चार महिने घे." एका वर्षाचे चार महिने झाले होते!

चार वाजता फोन वाजला तेव्हा मामांनी स्टुलाभोवती लाडोबाच्या चाळीस कुंड्या मांडून ठेवल्या होत्या.

"कधी संपणार गं तुझं?"

"चार महिन्यांनी. आई, तू विचारायचीस ना, मला फार राग यायचा. तो सगळा झाडांवर निघाला, आणि त्यानेच ती वाचली बघ."



"एवढी चिडायचीस? मला वाटायचं, मी विचारलं नाही तर तुला वाटेल, आईला काही पडलेलीच नाही." आईचा आवाज बारीक झाला होता. "जेवलीस का?"

तीन वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. हात मांडीवर तसेच पडून राहिले.

"ताई," कुंड्यांमागून मामा ओरडले, "पानं कोण चुरगाळणार?"