जागा धरणारं पोर्टल

आमच्या कॉलेजचं पोर्टल एवेलिओ सरांनी स्वतः बनवलेलं, म्हणून त्याला कुणी नावं ठेवायची नाहीत. मी मनसोक्त ठेवायचे. विषय निवडायच्या दिवशी अख्खं कामागुए शहर एकदम त्याच्यावर तुटून पडायचं. अर्ज भरत आणावा आणि वीज जावी. पोर्टल चालवणाऱ्या कॉलेजच्या मशिनला जनरेटर होता, आमच्या घरांना कुठला? वीज येऊन परत आत शिरावं, तर पोर्टल ओळखसुद्धा दाखवायचं नाही. पुन्हा पहिल्यापासून भरा. तोवर जागा संपलेल्या.

गेल्या वर्षी माझी मैत्रीण नुरिस अशीच हुकली. ती जनावरांची डॉक्टर होणारी, आणि त्यासाठी गोठ्यावरचं प्रात्यक्षिक लागतं. विषयांची निवड सुट्टीत होते, आणि सुट्टीत ती डोंगरातल्या गावी असते. बिचारी टेकडीवर चढून, एकाच झाडाखाली नेट मिळतं म्हणून तिथे ठाण मांडून बसली, तरी बाहेर फेकली गेली. यंदाही प्रात्यक्षिक गेलं तर तिचं नाव कॉलेजातून कमी होणार होतं. मी कम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला. प्रकल्प म्हणून मी हट्टाने पोर्टलच मागून घेतलं.

"रंग बदल, मैदेलिन," सर म्हणाले. "मुलांना निळा आवडतो. आणि इमारतीचा फोटो मोठा घे."

"सर, तो फोटो उघडेपर्यंत वीज जाते."

"तुझी जीभ जरा लहान घे आधी."

मी फोटो काढून टाकला. आजोबांचा व्यवसाय विचारणारे रकानेही काढले. पानं इतकी हलकी केली की मोडक्या फोनवरही उघडावीत. मग वर्गातल्या पोरांना बसवून चाचणी घेतली. नेमकी वीज गेली आणि सगळे बाहेर! मला इतका संताप आला की मी कीबोर्ड आपटला आणि घरी निघाले.

वाटेत पावाच्या दुकानासमोर माणसं दिसली. "शेवटचं कोण?" मी ओरडले.

"मी गं पोरी!" लाल छत्रीवाली एक बाई म्हणाली. "माझ्या पुढे ते टोपीवाले आहेत. मी जरा लेकीकडे जाऊन येते."

"जा बिनधास्त." माझ्यामागे एक म्हातारे आले, त्यांना मी सांगितलं की तुम्ही माझ्यामागे, माझ्यापुढे लाल छत्री. मग मीही घरी जाऊन शेंगा शिजत टाकून आले. परत आले तर माझी जागा जिथल्या तिथे. लहानपणापासून हेच करतेय आणि आज डोक्यात प्रकाश पडला! रांगेत उभं कोण राहतं आपल्याकडे? पुढचा-मागचा लक्षात ठेवतो, झालं.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. मुलांनी आधी विषय सांगावा आणि रांगेत नाव लावावं. पोर्टलने प्रत्येकाला त्याच्या पुढचा-मागचा दाखवावा. नेट गेलं तरी जागा राहावी, आठवडा संपेपर्यंत अर्ज पुरा करता यावा.

"छे! जो जागेवर नाही, त्याला जागा नाही," सर म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

मी वाद घातला नाही. संध्याकाळी पावाच्या दुकानाशी गेले आणि विचारलं, "शेवटचं कोण?"

"एवेलिओ," कुणीतरी म्हणालं. "तो काय, तिकडे डॉमिनो खेळतोय."

मी सावलीतल्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. "सर, तुम्ही जागेवर नाही."

खेळणारे खो खो हसले. सरांनी हातातली सोंगटी टेबलावर आपटली. "कर तुझ्या मनासारखं! पण बोंब झाली तर पुढच्या वर्षी माझं जुनं पोर्टल परत."

निवडीच्या दिवशी वीज गेलीच. पण ज्याची त्याची जागा टिकली. नुरिसने टेकडीवरून नाव लावलं होतं. गोठ्याच्या यादीत शेवटची जागा तिचीच होती. त्यानंतर डोंगराकडची वीज गेली ती आलीच नाही. फोन लागेना. आठवड्याचा शेवटचा दिवस उजाडला तरी तिचा अर्ज अर्धाच. मी कार्यालयातून हलले नाही.

दुपारी सरांनी अनियेलला बोलावून घेतलं. नुरिसच्या मागचं नाव त्याचं.

"अहो सर, आठवडा संपायचाय अजून!" मी म्हणाले.

"तासाभरात बंद करायचंय. तिचा पत्ता नाही आणि हा समोर उभा आहे. काय रे, हवी ना जागा? तू हो म्हण, मी बटण दाबतो."

अनियेलने पडद्याकडे बघितलं. त्यालाही ती जागा हवी होती, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"हवी तर आहेच, सर. पण माझ्यापुढे ती आहे."

"अरे, पण ती आहे कुठे?"

"ते मला काय माहीत! येईल ना. बंद करेपर्यंत थांबतो मी इथेच."

सरांनी हात मागे घेतला आणि कॉफी मागवली. तिघांनी ती घड्याळाकडे बघत प्यायली. मला त्या पोराला मिठी मारावीशी वाटत होती.

बंद करायची वेळ होत आली तेव्हा बाहेर ट्रक थांबल्याचा आवाज झाला. नुरिस धापा टाकत जिन्यावरून वर आली. केसांत धूळ, पाय चिखलाने भरलेले. नेट नाही म्हणून वाटेत मिळेल त्या गाडीला हात करत ती स्वतःच आली होती. दारातच तिने सवयीने विचारलं, "शेवटचं कोण?"

"मी," अनियेल खुर्चीवरून उठत म्हणाला. "पण तू माझ्यापुढे आहेस. ये, बस."