पाचात दोन

राजसबाईंना इंग्रजी वाचता येत नसे, पण तारे मोजता येत. रोज सकाळी दुसरी कॉफी झाली की त्या नातवाच्या खोलीच्या उंबऱ्यात उभ्या राहत आणि विचारत, "किती?"

"आजी, तारे रोज वाढत नाहीत. ते काय केळीचं झाड आहे?"

"केळसुद्धा वर्षात घड देते. तुझ्या गोष्टीला दीड वर्ष लागलं."

गिरिधर सव्वीस वर्षांचा. पंधराव्या वर्षी पायांतलं बळ ओसरायला लागलं, मोठमोठ्या डॉक्टरांनी हात टेकले, आणि आता चाकाची खुर्ची, एक कॉम्प्युटर आणि एग्मोर स्टेशनच्या बाजूला उघडणारी खिडकी एवढंच त्याचं जग. पण त्या जगाला एक मागचं दार होतं. परदेशात म्हणे चांगली जाणती माणसं टेबलाभोवती बसून फासे टाकतात. एक जण गोष्ट पुढे नेतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. तशी गोष्ट, नकाशे, गावं, संकटं सगळं रचून, गिरिधरनं इंग्रजीत लिहिली होती आणि इंटरनेटवरच्या एका दुकानात विकायला ठेवली होती. लोक घेत, खेळून बघत आणि खाली तारे देऊन चार ओळी लिहीत. पाच तारे म्हणजे उत्तम, एक म्हणजे टाकाऊ.

गोष्टीचं नाव 'राखेचं बंदर'. पायांत बळ होतं तेव्हा आजोबांनी त्याला एकदा एन्नोरला नेलं होतं. तिथे वीजकेंद्राची राख कोळ्यांच्या होड्यांवर बसायची. ती होडी पोराच्या मनात राहून गेली होती.

चार जणांनी मत दिलं होतं. तिघांचे चार-चार तारे आणि एकाचे दोन. त्या दोनवाल्याचं राजसबाईंना पहिल्या दिवसापासून पित्त उठलं होतं.

"पाचात दोन म्हणजे नापास," त्या म्हणाल्या. शाळेत त्या तिसरीपर्यंतच गेलेल्या, पण नापास या शब्दाशी त्यांची चांगली ओळख होती.

"त्यानं खेळून बघितलंय, आजी. चार मित्रांना घेऊन, दोन रविवार घालवून. म्हणतो, तिसरा भाग लांबतो, होडीची वाट बघून खेळणारे कंटाळतात. आणि खरंच लांबतो गं. मी महिनाभर तोच दुरुस्त करतोय."

"लोकांनी थोबाडीत द्यावी आणि तू हसावंस."

"मला आजवर दिलीय कुणी?" गिरिधर म्हणाला, आणि पुन्हा टाइप करायला लागला.

या बोलण्यात काय होतं ते राजसबाईंना तेव्हा कळलं नाही. घरात गिरिधरला कुणी वाकडा शब्द बोलत नसे, हे खरंच होतं. त्याचा बाप कृष्णकांत इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातून अंग मोडून येई, सगळ्यांवर खेकसे, पण मुलाच्या खोलीशी आला की त्याचा आवाज देवघरातल्यासारखा होई. पाहुणे येत, "किती हुशार आहे हो," म्हणत आणि जिना उतरताना हळहळत.

शुक्रवारी घरी भजन असे. तंजावरकडच्या आपल्या मराठी बायका जमत. त्या शुक्रवारी आरती झाल्यावर राजसबाईंनी सगळ्यांना बसवून ठेवलं.

"माझ्या नातवाच्या गोष्टीला तारे द्यायचेत. प्रत्येकीनं पाच. खाली वसंताच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये चला."

"पण वहिनी, आम्ही गोष्ट वाचली कुठे?" त्यांची नणंद तुळजा म्हणाली.

"लग्नात आहेर करतेस तेव्हा नवरा तपासून करतेस का? तपासला असतास तर निम्म्या लग्नांत रिकाम्या हातानं गेली असतीस. ऊठ."

सतरा जणी उठल्या. ब्राउझिंग सेंटर चालवणारी वसंता आपल्यातलीच पोर. एका कॉम्प्युटरसमोर एवढ्या नऊवारी आणि कांजीवरम रांगेत बघून ती दडपली. एकेकीच्या नावानं ईमेल उघडता उघडता दिवेलागण झाली.

"मामी, तारे दिले. पण शब्दही लिहायला हवेत. काय लिहू?"

राजसबाईंनी पदर सावरला. "लिही, फार गुणी मुलगा आहे. पायांत बळ नाही, अकरा वर्षं खुर्चीत आहे, तरी लिहितो. देव त्याचं भलं करो."

"हेच सगळ्यांच्या नावावर?"

"थोडं थोडं वाटून टाक. प्रसाद काय एकीलाच देतात?"

सोमवारी सकाळी त्या उंबऱ्यात आल्या. "किती?"

गिरिधरनं कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. त्या आत गेल्या आणि वाकून, बोट लावून मोजायला लागल्या. पाच. पाच. पाच. खाली जाता जाता जुन्या चौघांशी पोचल्या. तिथेही चारही ठिकाणी पाचच.

"अगंबाई, त्या दोनवाल्यालाही अक्कल आली."

"त्यानं काय लिहिलंय सांगू?" गिरिधरनं मराठीत वाचून दाखवलं. " 'मला ठाऊक नव्हतं. माफ करा. तुम्ही फार धीराचे आहात.' "

"आणि ते तिसऱ्या भागाचं?"

"पुसून टाकलं."

"मग चांगलंच झालं की."

"आजी, त्याला वाटत होतं मी त्याच्यासारखाच आहे. म्हणून तो भांडला माझ्याशी." गिरिधरनं कॉम्प्युटर बंद केला. "आता तोही जिना उतरून गेला."

राजसबाईंनी उभ्या आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नव्हती. सासूपुढे नाही, नवऱ्याच्या साहेबापुढे नाही. त्या खोलीतून मात्र त्या भिंतीला हात धरून बाहेर आल्या.

बुधवारपर्यंत त्यांनी सतराही जणींना पुन्हा वसंताकडे नेलं आणि एकेकीचे तारे पुसायला लावले. "आहेर परत घेतात का कधी?" तुळजा पुटपुटली. एरवी राजसबाईंनी तिला तिथेच सोललं असतं. आज त्यांनी फक्त पुढचीला कॉम्प्युटरसमोर बसवलं.

जुन्या चौघांचे पाच मात्र तसेच राहिले. ते ज्याचे त्यानंच काढायचे. मग त्यांनी वसंताकडून त्या दोनवाल्याला पत्र लिहवलं: तुमचं आधीचं मत खरं होतं, माझ्या नातवाला तुमचे दोन परत द्या. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. वसंतानं वाचलं. असं करायला मन धजत नाही, तुमच्यासारखी आजी लाभली हे त्याचं भाग्य, आम्ही सगळे त्याच्यासाठी प्रार्थना करतो.

"चांगला माणूस निघाला," वसंता म्हणाली.

"तीच तर पंचाईत," राजसबाई म्हणाल्या.

गिरिधरनं लिहिणं थांबवलं. कॉम्प्युटरवर धूळ बसे, ती राजसबाई रोज पुसत. "किती?" असं त्या आता विचारत नसत.

मग त्यांनी शेवटचा उपाय केला. वसंताकडून गोष्टीचे चाळीस कागद छापून घेतले आणि रोज दुपारी गिऱ्हाईक नसताना तिच्याकडून आपल्या भाषेत सांगून घेतले. नऊ दुपारी लागल्या. राखेत बुडालेलं बंदर त्यांना दिसलं. होडीवर एक म्हातारी होती, पलीकडे जाणाऱ्या प्रत्येकाला टोचून बोलल्याशिवाय ती वल्हं हातात घेत नसे. ती कोण हे कुणी सांगायची गरज नव्हती. तिसऱ्या भागात माणसं होडीची वाट बघत बसली. खूपच वेळ बसली. राजसबाईंचा दोनदा डोळा लागला.

दहाव्या दिवशी त्या गिरिधरच्या समोर जाऊन बसल्या.

"तुझी गोष्ट ऐकली. सगळी."

गिरिधरनं खिडकीतून मान वळवली. कितीतरी दिवसांनी त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "किती?" त्यानं विचारलं.

"दोन," राजसबाई म्हणाल्या. "म्हातारी झकास उतरलीय. पण तिसरा भाग लांबलाय. होडी येतच नाही मेली. मला झोप लागली."

त्यानं खुर्ची त्यांच्याजवळ आणली. मग त्यानं त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि हलकेच थोपटला. पाहुणे त्याचा थोपटत, तस्साच.

"राहू दे, आजी. माझ्यासाठी एवढं करायला नको होतंस."

"अरे, खरंच सांगतेय."

"हो," गिरिधर म्हणाला, आणि पुन्हा खिडकीकडे वळला.

राजसबाई तशाच बसून राहिल्या. आयुष्यभर ज्या जिभेला घरदार वचकून होतं, त्या जिभेवर आता पोराचा विश्वास बसेना. आणि तिसरा भाग तर खरंच लांबला होता.